हवा पंप, बॅटरीचलित

अंगच्या लिथियम-आयन बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा छोटा संपीडक (कॉम्प्रेसर). घरच्या सायकल, दुचाकी व मोटारीच्या टायरांत हवा भरण्यासाठी तो वापरतात. बाजारात ‘टायर इन्फ्लेटर’ हे नाव रूढ आहे.

हवा भरण्याची गरज हवेच्या टायरबरोबर आली, आणि त्या टायरचे जनकत्व वादाचे आहे. स्कॉटिश अभियंते रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये त्याचे पेटंट घेतले. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि वर चामड्याचे आवरण अशी रचना होती. तेव्हा रस्त्यावर घोडागाड्याच होत्या. शोध मागे पडला. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हीच युक्ती नव्याने योजली व १८८८ मध्ये पेटंट मिळवले. टॉमसन यांच्या आधीच्या पेटंटामुळे ते सुमारे दोन वर्षांत निरर्थक ठरले. लोकप्रिय लेखनात डनलप यांनाच जनक म्हणतात. कल्पनेचे श्रेय टॉमसन यांना आणि प्रसाराचे डनलप यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते.

या इतिहासाचा एक अवशेष पंप निवडताना आजही आडवा येतो. मोटारी व दुचाकींना श्रेडर व्हॉल्व्ह असतो (१८९० च्या दशकाच्या आरंभीचा), तर आपल्याकडच्या साध्या सायकलींना डनलप किंवा वूड्स व्हॉल्व्ह. पंपाची तोटी सहसा श्रेडरच्या मापाची असते. सायकलीसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. शिवाय जुन्या धर्तीच्या सायकल व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी, म्हणजे वॉलट्यूब, चढवलेली असते. ती हवा आत जाऊ देते पण परत येऊ देत नाही. म्हणून पडद्यावर टायरचा नव्हे, तर पंपाच्या होजमधला दाब दिसतो आणि टायरातला दाब ठरल्या आकड्याला पोचण्याआधीच पंप थांबतो. अशा वेळी बोटाने टायर दाबून पाहणेच खरे.

पंपात छोटी मोटर दट्ट्या पुढेमागे हलवते. दाबली की हवा तापते : २७° से. तापमानाची हवा उष्णता बाहेर न जाता सव्वातीन पट दाबाला नेली, तर गणिताने ती सुमारे १४७° से. होते. प्रत्यक्षात बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते, तरी एक टायर भरल्यावर तोटीचे पितळ हाताला चटका देते. त्यामुळे पंप सलग किती मिनिटे चालवावा, याची मर्यादा माहितीपत्रकात पाहणे अगत्याचे.

खोक्यावर ठळक छापलेला ‘१५० पीएसआय’ (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) हा आकडा निवडीला फारसा उपयोगी नाही. लहान मोटारीला ३० ते ३५ पीएसआय पुरते. खरे महत्त्व हवेच्या प्रवाहाला आणि बॅटरीतील ऊर्जेला आहे. सुमारे २८ लिटर आकारमानाचा टायर २५ वरून ३३ पीएसआयवर नेण्यास बाहेरची साधारण १५ लिटर हवा लागते, पूर्ण बसलेला टायर ३३ पर्यंत नेण्यास ६३. दाब वाढतो तसा प्रवाह घटतो, म्हणून लिटर-प्रतिमिनिट आकडा कोणत्या दाबाचा आहे हे विचारावे. बॅटरीची तुलना मिलिअँपिअर-तासांत करू नये. ३.७ व्होल्ट व २,००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल एकसर जोडले काय किंवा समांतर जोडून ‘४,०००’ लिहिले काय, ऊर्जा १४.८ वॉट-तासच.

दाबमापकाचा अचूकपणा ही सर्वांत मोलाची, आणि सर्वांत कमी तपासली जाणारी बाब. पेट्रोल पंपावर भरलेल्या टायरवर लगेच आपला पंप लावून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. एक-दोन पीएसआयची तफावत चालते. पाचची चालू नये. नेहमीचा दाब मात्र गाडी काही तास उभी असताना, टायर थंड असताना मोजतात. तो किती असावा हे सहसा चालकाच्या दाराच्या खांबावरील चिकटपट्टीवर छापलेले असते.

रिमवरून सुटलेला ट्यूबलेस टायर या पंपाने सहसा बसत नाही. त्यास एकदम मोठा झोत लागतो. भारतात २०२० पासून टायरदाब-निरीक्षण यंत्रणा व पंक्चर दुरुस्ती साहित्य असलेल्या काही मोटारींना स्टेपनीतून सूट आहे; अशा गाडीत पंपाची ही मर्यादा ध्यानात ठेवावी. (हा शब्द वेल्समधील लनेथली गावाच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाके बनत.)

पंप उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. उष्णतेने लिथियम सेल लवकर निकामी होतात. न वापरताही बॅटरी हळूहळू उतरते, म्हणून काही महिन्यांनी ती पुन्हा भरावी.