विद्यापीठाच्या आवारातील मरियामंदिर : वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल श्राइन’ची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत ख्रिस्ती समाज म्हटला की पहिल्यांदा आठवते ते मिरजेचे मिशन हॉस्पिटल. १८९४ साली सुरू झालेले ते कार्य प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट परंपरेचे, आणि त्या परंपरेत येशूची आई मरिया हिच्या नावाने तीर्थयात्रा नाही. त्यामुळे शिक्षणासाठी अमेरिकेला गेलेली मुले वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाच्या आवारातील मरियामंदिराच्या, म्हणजे ‘नॅशनल श्राइन’च्या, रंगीत घुमटाची छायाचित्रे घरी पाठवतात, तेव्हा विद्यापीठात एवढे मोठे तीर्थमंदिर कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे साहजिकच निघतो.

अमेरिकेतील बिशपांनी १८४६ मध्ये निष्कलंक, म्हणजे पापाच्या डागाविना गर्भात आलेल्या, मरियेला देशाची आश्रयदाती म्हणून निवडले आणि पुढच्याच वर्षी पोपनी त्या निवडीला मान्यता दिली. तिच्या नावाचे राष्ट्रीय मंदिर राजधानीत असावे, ही कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळातील महत्त्वाची घटना एकच, ती म्हणजे १८८७ मध्ये विद्यापीठाची झालेली स्थापना. हे विद्यापीठ सगळ्या देशातील बिशपांचे असल्यामुळे कोणत्याही एका धर्मप्रांताच्या मालकीचे नसलेले मंदिर उभारायला त्याच्या आवाराइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

विद्यापीठाचे तेव्हाचे रेक्टर, म्हणजे प्रमुख, स्वतः चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक होते. विद्यार्थ्यांसाठी एखादे साधे प्रार्थनागृह बांधून त्यांना थांबता आले असते, पण त्यांनी हा प्रश्न सगळ्या देशाचा केला. १९१३ मध्ये त्यांनी रोमला जाऊन पोप दहावे पायस यांच्यापुढे योजना मांडली. पोपनी संमती दिलीच, शिवाय स्वतःकडचे ४०० डॉलरही दिले. रक्कम लहान होती, पण पोपनी वर्गणी दिली आहे हे सांगून देशभरातील गावोगावच्या चर्चमधून पैसा उभा करता आला. १९१४ च्या जानेवारीत खास या कामासाठी एक वार्तापत्र निघाले, आणि निधी गोळा करण्याचा मोठा भार कॅथलिक स्त्रियांच्या संघटनेने उचलला. या स्त्रियांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकला जातो, हे योग्य नाही. बिशपांनी देशव्यापी वर्गणीचा निर्णय घेण्याच्या कितीतरी आधी पायाची तजवीज त्यांनी केली होती.

खरा वाद झाला तो शैलीवरून. सुरुवातीला सर्वांच्या मनात गॉथिक मंदिर होते. निमुळते मनोरे, टोकदार कमानी आणि रंगीत काचांच्या उंच खिडक्या हेच त्या काळी चर्चचे खरे रूप मानले जात होते. पायाभरणीपूर्वी हा विचार सोडून देण्यात आला आणि घुमट, गोल कमानी आणि जाड भिंतींची बायझंटाइन-रोमनेस्क शैली स्वीकारली गेली. त्यासाठी सांगितली जाणारी कारणे तीन. एक तर त्याच शहरात एपिस्कोपल या प्रोटेस्टंट पंथाचे गॉथिक कॅथीड्रल १९०७ पासून बांधले जात होते आणि त्याच्याच सावलीत दुसरे गॉथिक उभे करण्यात अर्थ नव्हता. दुसरे, गॉथिक काम फार महाग आणि दीर्घ मुदतीचे होते. ते एपिस्कोपल कॅथीड्रल पूर्ण व्हायला १९९० साल उजाडले, यावरून या भीतीत तथ्य होते हे दिसते. तिसरे कारण उपासनेचे होते. खांबांच्या दाटीत मागच्या माणसाला वेदी दिसत नाही, तर घुमटाखालच्या मोकळ्या जागेत हजारो भाविकांना मिस्सा, म्हणजे वेदीवर होणारी कॅथलिकांची मुख्य उपासना, थेट पाहता येते.

गॉथिकचा आग्रह धरणाऱ्यांना हा बदल परका वाटला, आणि ती भावना खोटी ठरवण्याचे कारण नाही. तरीही, या मंदिराचा पुढचा सगळा इतिहास पाहिला तर निर्णय बरोबरच होता असे म्हणावे लागते. गॉथिक इमारतीत भिंतीची जागा खिडक्या घेतात. येथे मात्र मोठाल्या कोऱ्या भिंती, कमानी आणि घुमट मिळाले. ते मोझेकने, म्हणजे रंगीत तुकड्यांच्या जडावकामाने, मढवण्याचे काम पुढच्या पिढ्यांना करता आले, आणि बाजूच्या कोनाड्यांत नवनव्या समाजांची प्रार्थनास्थळे सामावत गेली. बांधकामाचा सांगाडाही पोलादाचा नाही. विटा, दगड, काँक्रीट आणि फरशा एकमेकांचा भार पेलतात. सांगलीचे कृष्णाकाठचे गणपती मंदिर पाहिलेल्या माणसाला ही भार वाहण्याची रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

२३ सप्टेंबर १९२० रोजी बॉल्टिमोरच्या कार्डिनलांच्या हस्ते कोनशिला बसली आणि १९२४ च्या ईस्टरला तळघरातील अर्धवट बांधलेल्या चर्चमध्ये पहिली मिस्सा झाली. तेथील मुख्य वेदी सोनेरी झाक असलेल्या अल्जीरियन ऑनिक्स दगडाची आहे आणि ती ‘मेरी’ हेच नाव असलेल्या तीस हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांच्या देणगीतून झाली. शेजारच्या दालनात भिंती आणि खांब देणगीदारांच्या नावांच्या दगडी पाट्यांनी भरलेले आहेत. रेक्टर १९३२ मध्ये वारले आणि त्यांना त्याच तळघरात पुरण्यात आले; या मंदिरात दफन झालेली ती एकमेव व्यक्ती होय.

पुढे आर्थिक महामंदी आली, मागोमाग दुसरे महायुद्ध आले, आणि तळघरावर वरची इमारत चढलीच नाही. अखेर १९५३ मध्ये देशातील बिशपांनी निधी उभारण्याचे वचन दिले, मरियेला वाहिलेल्या १९५४ या वर्षात काम पुन्हा सुरू झाले आणि २० नोव्हेंबर १९५९ रोजी वरच्या चर्चचे समर्पण झाले. उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठे कॅथलिक चर्च ते हेच. तरीही ते कॅथीड्रल नाही, कारण वॉशिंग्टनच्या आर्चबिशपांचे आसन शहरातील दुसऱ्या चर्चमध्ये आहे. १९९० मध्ये त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे पोपनी द्यायचा मानाचा, दर्जा मिळाला.

१९५९ नंतर इमारतीचा कायापालट केला तो स्थलांतरितांनी. युरोपातून, लॅटिन अमेरिकेतून, आशियातून आलेल्या एकेका समाजाने आपल्या मातीतली मरिया येथे आणली, आणि आज अशी प्रार्थनास्थळे सत्तरच्या वर आहेत. १९९७ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या वेलांकण्णीच्या आरोग्यमातेलाही येथे स्थान मिळाले. आठ सप्टेंबरच्या सणाला भारतातून लाखो लोक, त्यांत इतर धर्मांचेही, जिच्याकडे जातात, ती माता विद्यापीठाच्या आवारात साडी नेसून उभी आहे. अमेरिकेतील भारतीय कॅथलिकांसाठी यापेक्षा मोठी पोचपावती नसावी.

विद्यापीठाशी असलेले नातेही सैल झालेले नाही. विद्यापीठाच्या मोठ्या मिस्सा येथे होतात आणि पदवीदान समारंभ मंदिराच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर भरतो. पोप फ्रान्सिस यांनी याच पूर्वेच्या बाजूला २३ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे कोनशिलेला बरोबर ९५ वर्षे होत असताना, अठराव्या शतकातील एका स्पॅनिश फ्रान्सिस्कन मिशनऱ्याला संतपद दिले. अमेरिकेच्या भूमीवर संतपद देण्याचा तो पहिला प्रसंग होता, आणि त्या मिशनऱ्याने कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांना दिलेल्या वागणुकीवरून त्याला विरोधही झाला. त्यानंतर २०१७ च्या डिसेंबरमध्ये मुख्य घुमटाचे मोझेक पूर्ण झाले. त्यात काचेचे एक कोटी चाळीस लाखांहून अधिक तुकडे बसवलेले आहेत.