खुर्चीत बसून खांदे मोकळे करा

दोरीवर कपडे वाळत घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, वेणी घालताना हात पुरता वर जात नाही, अशी तक्रार घेऊन आमच्या व्यायाम केंद्रात पुष्कळ जण येतात. त्यांना आम्ही बहुतेक वेळा हाच व्यायाम आधी शिकवतो. वजनं लागत नाहीत, फक्त बिनहाताची खुर्ची हवी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात कोपरांना अडतात, त्यामुळे स्टूल घेतलंत तरी चालेल.

आधी एक गोष्ट करून बघा. मोबाइल बघताना बसतो तसं पोक काढून बसा आणि उजवा हात समोरून वर न्या. कुठे अडला? आता पाठ ताठ करून तोच हात पुन्हा न्या. बहुतेकांचा हात आता जास्त वर जातो. खांदा तोच, बसणं बदललं.

हात कानाशी जातो तेव्हा तो साधारण १८० अंश वर गेलेला असतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यातले आणि ६० अंश खवाट्याचे, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचे. खवाटा बरगड्यांवरून सरकत फिरतो. पोक काढलं की तो पुढे कलतो आणि त्याची वाट अडते. खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात खरं, पण ही उखळ बशीसारखी उथळ आहे. म्हणूनच हात एवढा चौफेर फिरतो, आणि म्हणूनच तो हिसका देऊन किंवा घरच्या कुणाकडून ओढून वर नेऊ नये, असं आम्ही कळकळीनं सांगतो.

आता व्यायाम. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकवा. कोपरं वाकवून बरगड्यांजवळ ठेवा, तळवे समोर. चार आकडे मोजत, श्वास घेत, दोन्ही हात तिरके वर न्या. श्वास सोडत तितक्याच संथपणे कोपरं खाली आणा आणि शेवटी खवाटे हलकेच मागे-खाली ओढा. असं ८ वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा ८ वेळा. रोज.

हात वर जाताना छाती पुढे येऊन कंबर मागे वाकत असेल, तर तो हात कंबरेनं वर नेला, खांद्यानं नाही. उभ्यानं ही चूक सहज होते. बसल्यावर ती पटकन जाणवते, म्हणून तर खुर्ची. कंबर वाकायच्या आधी थांबा. हात कपाळापर्यंतच गेला तरी चालेल.

ताण जाणवला तर हरकत नाही. कळ आली तर उंची कमी करा. तरीही दुखत असेल, तर टेबलासमोर बसून पंचावर हात ठेवा आणि तो पुढे सरकवत न्या. हाताचा भार टेबल उचलतं.

खांदा निखळला असेल, नुकतंच पडला असाल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. रात्री दुखून झोप मोडत असेल तर तपासून घ्या. खांदादुखीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर तो व्यायामाचा विषय नाही, तडक रुग्णालय गाठा.

दोन आठवड्यांनी पुन्हा ताठ बसून हात वर न्या आणि कुठवर जातो ते घरच्यांना बघायला सांगा. पुढच्या भेटीत आम्हाला ते कळवा. पुढचा व्यायाम त्यावरूनच ठरवू.