छेदी जगन

छेदी जगन : (२२ मार्च १९१८ – ६ मार्च १९९७). गयानाचे राजकीय नेते, स्वातंत्र्यपूर्व काळातील पंतप्रधान (१९६१–६४) आणि राष्ट्राध्यक्ष (१९९२–९७). नकाशात गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे. पण इतिहास, भाषा, ऊस आणि क्रिकेट या चारही धाग्यांनी तो कॅरिबियन बेटांशी बांधलेला आहे. कॅरिबियन देशांच्या ‘कॅरिकॉम’ या संघटनेचे मुख्यालयही त्याच्याच राजधानीत, जॉर्जटाउनमध्ये आहे.

जगन यांचा जन्म तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या गयानाच्या बर्बीस भागातील पोर्ट मोरंट येथील साखरमळ्यावर झाला. रोहन कन्हाय, बेसिल बुचर आणि जो सॉलोमन हे वेस्ट इंडीजचे फलंदाज याच गावचे, म्हणून क्रिकेटप्रेमींना हे नाव ओळखीचे असेल. जगन यांचे आईवडील लहानपणीच, करारबद्ध मजूर म्हणून निघालेल्या कुटुंबांबरोबर, उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यातून येथे आले होते. वडील मजुरी करत करत मळ्यावरचे मुकादम झाले. मुकादमाचे घर मजुरांच्या चाळीहून बरे असले तरी गोऱ्या व्यवस्थापकाच्या बंगल्यापासून फारच लांब. ही उतरंड जगन यांनी लहानपणापासून पाहिली आणि पुढे मार्क्स वाचताना त्यांना तीच आठवत असे.

जॉर्जटाउनच्या क्वीन्स कॉलेजातले शिक्षण संपवून १९३६ मध्ये ते अमेरिकेस गेले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि नंतर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकून ते १९४२ मध्ये दंतवैद्य झाले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी लिफ्ट चालवण्यासारखी पडेल ती कामे केली. शिकागोत त्यांची जॅनेट रोझेनबर्ग या ज्यू तरुणीशी ओळख झाली आणि दोन्ही घरांचा विरोध पत्करून १९४३ मध्ये त्यांनी लग्न केले. जॅनेट यांना केवळ ‘पत्नी’ म्हणून नोंदणे अन्यायाचे होईल. पक्षाची बांधणी, वृत्तपत्र आणि निवडणुकीचे काम यांत त्यांचा वाटा जगन यांच्या बरोबरीचा होता.

जॉर्जटाउनला परतून जगन यांनी दवाखाना थाटला. १९४६ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह एक राजकीय अभ्यासगट स्थापला आणि १९४७ मध्ये ते विधिमंडळावर निवडून आले. त्यांच्या राजकारणाला खरी दिशा मिळाली ती एन्मोरच्या ऊसमळ्यावर. ऊस तोडायचा आणि त्याच मजुराने मोळ्या डोक्यावर वाहून कालव्यातल्या होडग्यांत भरायच्या, अशी तेथे सक्ती होती. मजुरांना फक्त तोडणी हवी होती, भरणी नको होती, म्हणून त्यांनी संप केला. तोडणी आणि भरणीतला फरक महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. १६ जून १९४८ रोजी संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच मजूर ठार झाले. जगन यांच्या पुढाकाराने त्यांची अंत्ययात्रा एन्मोरपासून राजधानीपर्यंत पायी नेण्यात आली. त्यांच्या थडग्यापाशी आपण आयुष्यभराच्या लढ्याची मनोमन शपथ घेतली, असे त्यांनी पुढे लिहिले.

१९५० मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीत (पीपीपी) भारतीय वंशाचे जगन आणि आफ्रिकी वंशाचे वकील फोर्ब्स बर्नहॅम एकत्र होते. मळ्यावरचा मजूर आणि शहरातला कामगार एका झेंड्याखाली येण्याची ही दुर्मीळ वेळ होती. एप्रिल १९५३ मध्ये प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या निवडणुकीत पक्षाने २४ पैकी १८ जागा जिंकल्या. सरकार अवघे १३३ दिवस टिकले. मालकांना कामगारांच्या पसंतीच्या संघटनेशी बोलणी करायला लावणारे विधेयक पुढे येताच साखर कंपन्या आणि लंडन दोन्ही बिथरले. कम्युनिस्ट राज्य येणार या कारणाखाली चर्चिल सरकारने सैन्य उतरवले आणि ९ ऑक्टोबरला राज्यघटना निलंबित केली. जगन आणि बर्नहॅम दाद मागायला लंडनला गेले, तेथून भारतात आले आणि पंडित नेहरूंना भेटले. सहानुभूतीपलीकडे हाती काही पडले नाही. मायदेशी परतल्यावर आपल्या संचारावर घातलेले निर्बंध मोडल्याबद्दल १९५४ मध्ये जगन यांना तुरुंगवास झाला.

१९५५ मध्ये पक्ष फुटला. मतभेद विचारांचे होते आणि नेतृत्वाचेही. पण फूट हळूहळू वंशाच्या रेषेवर स्थिरावली. बर्नहॅम यांनी पीपल्स नॅशनल काँग्रेस काढली. भोजपुरीतून आलेला ‘अपन जात’ हा शब्दप्रयोग तिथल्या निवडणुकांत आपल्या वंशाच्या उमेदवाराला मत द्या, या अर्थाने रुळला. जगन वर्गाची भाषा बोलत राहिले, पण त्यांची मते मुख्यतः भारतीय वंशाच्या मळेवाल्या वस्त्यांतून येत होती आणि ही कोंडी फोडणे त्यांना जमले नाही.

१९५७ आणि १९६१ या दोन्ही निवडणुका त्यांनीच जिंकल्या. ऑक्टोबर १९६१ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भेटले. हेतू आर्थिक मदतीचा होता. मात्र क्यूबाच्या धसक्यातून न सावरलेल्या अमेरिकेला त्यांच्यात दुसरे कॅस्ट्रो दिसले. आपण मार्क्सवादी आहोत हे जगन लपवत नसत. मुत्सद्दीपणा म्हणून चार शब्द गिळणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फेब्रुवारी १९६२ मध्ये नव्या करांविरुद्धच्या दंगलीत जॉर्जटाउनचा व्यापारी भाग जळाला. १९६३ मध्ये ८० दिवसांचा सार्वत्रिक संप झाला आणि त्याला अमेरिकी कामगार संघटनांमार्फत सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा मिळाला, हे नंतर उघड झाले. १९६४ च्या वांशिक हिंसाचारात दीडशेहून अधिक लोक मारले गेले.

शेवटचा घाव निवडणूक नियमांतून बसला. ब्रिटिश वसाहतमंत्री डंकन सँडीज यांनी मतदारसंघांची पद्धत मोडून प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत, लादले. डिसेंबर १९६४ मध्ये जगन यांच्या पक्षाला सर्वाधिक, सुमारे ४६ टक्के मते आणि ५३ पैकी २४ जागा मिळाल्या, तरी बर्नहॅम यांनी तिसऱ्या पक्षाशी युती करून सत्ता घेतली. २६ मे १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा जगन विरोधी बाकांवर होते.

१९६४ पासून तेथे ते २८ वर्षे राहिले. १९६८ पासूनच्या निवडणुकांत उघड गैरप्रकार झाले. तरीही जगन यांनी सशस्त्र मार्ग धरला नाही, आणि बर्नहॅम यांच्या राष्ट्रीयीकरणाला १९७५ मध्ये ‘चिकित्सक पाठिंबा’ही दिला. त्यांच्या अनेक अनुयायांना तो पटला नाही. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने मतदारयाद्या आणि मतमोजणीची पद्धत सुधारली. ५ ऑक्टोबर १९९२ च्या निवडणुकीनंतर जगन राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीचा दिवस होता ९ ऑक्टोबर, १९५३ मध्ये त्यांचे सरकार गेले तीच तारीख. त्याआधी १९९० मध्ये केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या धोरणाबद्दल त्यांच्याकडे जाहीरपणे खेद व्यक्त केला होता.

सत्तेवर आलेले ७४ वर्षांचे जगन बदलले होते, किंवा जग बदलले होते असे म्हणावे. सोव्हिएत संघ उरला नव्हता, देश सुमारे दोन अब्ज डॉलरच्या कर्जात होता आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम त्यांनाच पुढे चालवावा लागला. त्यांनी भर दिला तो कर्जमाफीवर आणि श्रीमंत-गरीब देशांतील दरी कमी करणाऱ्या ‘नव्या जागतिक मानवी व्यवस्थे’च्या मांडणीवर.

फेब्रुवारी १९९७ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांना वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात हलवण्यात आले. तेथेच त्यांचे निधन झाले. पोर्ट मोरंटजवळ बाबू जान येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॅनेट जगन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या आणि प्रकृतीच्या कारणाने १९९९ मध्ये त्यांनी पद सोडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने बांधलेल्या तिमेहरी येथील विमानतळाला आज छेदी जगन यांचे नाव आहे.