वजन ठीक आहे, पण कंबर मोजलीत का?

उंचीतून शंभर वजा करायचे, उरेल तेवढं वजन असावं, हा हिशोब पुण्यात जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी कुणालातरी सांगितलेला असतो. हा हिशोब पॉल ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो, आहे 19व्या शतकातला, आणि तोंडी जमतो म्हणून आजही टिकलाय. उंची 170 सेंटीमीटर तर वजन 70 किलो, झालं. पण आता याच माणसाचा बीएमआय काढा, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा, तर उत्तर येतं 24.2, आणि आपल्याकडे डॉक्टर लोक जी रेषा धरतात ती आहे 23 ची. म्हणजे घरच्या हिशोबाने माणूस एकदम फिट आणि डॉक्टरच्या हिशोबाने ओव्हरवेट.

बीएमआयचं गणित मुळात बेल्जियमच्या अडॉल्फ क्वेटलेचं, 1830 च्या दशकातलं. हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, डॉक्टर नव्हताच, त्याला हजारो माणसांचं मिळून सरासरी शरीर कसं असतं ते शोधायचं होतं, समोर बसलेल्या एका पेशंटला सल्ला वगैरे द्यायचा नव्हता. बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज यांनी दिलं. पुढे जगभर 18.5 ते 25 नॉर्मल, 30 च्या वर लठ्ठ असं ठरलं, पण त्या रेषा मुख्यतः गोऱ्या लोकांच्या माहितीवर आखलेल्या होत्या. आशियाई लोकांना डायबेटिस आणि हार्टचा त्रास त्याच्या बराच आधी सुरू होतो हे दिसल्यावर 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आपल्यासाठी 23 पासूनच सावध व्हा असं सांगितलं, आणि 2009 मध्ये भारतातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन 23 च्या वर ओव्हरवेट आणि 25 च्या वर लठ्ठपणा असं ठरवलं. म्हणजे पाच फूट पाच इंच, साधारण 165 सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं वजन 50 ते साडेबासष्ट किलोच्या मध्ये असावं.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे, आणि ती आपल्या पुण्यातली आहे म्हणून मला जास्तच सांगाविशी वाटते.

रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सेम, 22.3, म्हणजे काट्याच्या भाषेत दोघंही छान. मग एक्स-रे सारख्या स्कॅनने शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दुपटीपेक्षा जास्त! युडकिन मॅरेथॉन पळायचे हा फरक होताच, आणि याज्ञिकांनी स्वतःबद्दल मोकळेपणाने लिहिलं की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट बंद व्हायच्या आत धावत जाऊन पकडणं. पण त्यांनी अजून एक गोष्ट तिथे लिहिली होती, की जन्माला आले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं.

ही जन्माच्या वजनाची भानगड समजून घेण्यासारखी आहे. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांमध्ये 1993 पासून याज्ञिकांच्या टीमने गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. कुणालाही वाटेल की आपलं बाळ सगळीकडूनच बारीक असणार, पण चिमट्यात कातडी धरून जाडी मोजतात तसं मोजलं तर हातपाय बारीक, मसल कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. दिसायला बारीक, आतून फॅट जास्त. आईला पोटभर आणि सकस खायला मिळत नाही तेव्हा पोटातलं बाळ मेंदू जपतं आणि मसलवर काटकसर करतं, आणि तेच शरीर घेऊन आपण पुढे शहरात येतो, खुर्चीवर बसतो, ऑनलाइन ऑर्डर करतो. म्हणून "मी तर पहिल्यापासून पाप्याचं पितर, मला कशाला शुगर होतेय" असं कुणी म्हणालं की मला खरंच काळजी वाटते.

चरबी वाईट नसते, ती कुठे साठते हे महत्त्वाचं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी त्यामानाने निरुपद्रवी. पण ही कातडीखालची जागा आपल्याकडे लवकर भरते असं दिसतं, मग कपाट भरल्यावर सामान पलंगाखाली आणि गॅलरीत जातं तशी उरलेली चरबी लिव्हरमध्ये, पॅनक्रियामध्ये म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडात, आतड्यांच्या भोवती जाऊन बसते. पोटातल्या या चरबीतून फॅटी अ‍ॅसिड सरळ लिव्हरकडे जातात, इन्सुलिनचं काम नीट होईनासं होतं, शुगर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढायला लागतात. दुसरीकडे जेवल्यावर रक्तातली साखर ओढून घेणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे मसल, आणि तोच आपल्याकडे मुळात कमी. बायकांमध्ये पाळी जाताना चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकायला लागते, वजन तेवढंच राहून कंबर वाढते, तेव्हा त्या वयात फक्त काट्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून घरात काटा असेल नसेल, शिंप्याचा टेप मात्र हवाच. कंबर मोजायची कुठे यात फार गोंधळ होतो. पँटचा साइज 34 म्हणजे कंबर 34 असं नसतं, कारण पोट सुटलं की पँट पोटाच्या खाली बांधली जाते आणि साइज वर्षानुवर्षं तोच राहतो, परकराच्या नाडीचंही तसंच. सरळ उभं राहा, पोटावरचा कपडा बाजूला करा, बाजूने सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेचं हाड जिथे वर संपतं ते चाचपा, या दोघांच्या बरोबर मध्ये टेप आडवा फिरवा, मागे तो वर चढलेला नाही ना हे आरशात बघा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचं नाही आणि टेप आवळायचा नाही. पुरुषांना 90 सेंटीमीटर, बायकांना 80 सेंटीमीटर, याच्या पुढे गेलं की शुगर, बीपी, लिपिड (कोलेस्टेरॉल आणि रक्तातली चरबी) तपासून घ्यायचं, बीएमआय कितीही सुंदर असू दे. एवढे आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, एवढं पुरे.

रोज वजन करून घाबरणाऱ्यांसाठी पटकन सांगतो, एखादा किलो इकडे तिकडे होणं हे बहुतेक वेळा पाणीच असतं. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे लिव्हर आणि मसलमधल्या साखरेच्या साठ्याबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून डाएट सुरू केलं की पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं आणि गणपतीत दोन दिवस मोदक झाले की तेवढंच परत येतं. जिममधलं मशीन चरबीचे टक्के सांगतं तेही शरीरातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतं, पाणी कमीजास्त झालं की आकडा हलतो.

मग वजन किती उतरवायचं? अमेरिकेत प्रीडायबेटिक, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तिथे टार्गेट होतं फक्त 7 टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, आणि तीनेक वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. 80 किलोच्या माणसाला 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो, वीस नाही! चेन्नईत असाच अभ्यास झाला, 2006 मध्ये छापून आला, तिथे लोकांची वजनं फारशी उतरलीच नाहीत, तरी चालणं आणि खाणं सुधारल्यावर डायबेटिसचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं. मला ही फार दिलासा देणारी गोष्ट वाटते, कारण दोन महिने तळजाईच्या टेकडीवर फिरायला जाऊन काटा हलला नाही म्हणून चालणं सोडून देणारे खूप लोक आहेत, आणि त्यांच्या आत काहीतरी चांगलं सुरू झालेलं असतं. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस वजनं उचला किंवा घरीच उठाबशा काढा, आणि जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी जे चालत असेल ते वाढवा, नाहीतर वजनाबरोबर मसलही उतरतो आणि तो आधीच कमी आहे.

घरातल्या आजी-आजोबांना मात्र हे 23 वगैरे लावत बसू नका. सत्तरीनंतर किंचित भरलेलं अंग चालतं, तिथे धोका वजन घटण्याचा जास्त असतो, पाय लटपटतात, पडणं होतं. आणि काहीच न करता सहा महिने-वर्षभरात 5 टक्के वजन गेलं, म्हणजे 60 किलोचे 57 झाले, तर "बरं झालं, हलके झालात" असं म्हणू नका, त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा.