सातचा आकडा आणि कोळंबीची कात

मेलेली कोळंबी बाहेर काढून नीट पाहिली, की कधी कधी डोक्याकडचे कवच आणि पोटाकडचे कवच यांच्यामध्ये एक पांढरी रेघ दिसते. रेघ अंगाभोवती पूर्ण फिरलेली असते. कात टाकायला निघालेला तो जीव अर्ध्यावर अडकला आणि तिथेच संपला, असा त्याचा अर्थ. टाकीतले पाणी मात्र नितळ, गप्पी मासे मजेत फिरताहेत आणि तपासणीच्या नळीत पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, बरोबर सात. माझ्या पहिल्या चेरी श्रिम्पपैकी, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या कोळंब्यांपैकी, बऱ्याच अशाच गेल्या. प्रत्येक वेळी मी तो सातचा आकडा पाहून मनाची समजूत घालत राहिलो. पीएचला जे ठाऊकच नसते, ते मी त्याला विचारत होतो.

कोळंबीचे कवच कायटिन या चिवट पदार्थाचे असते आणि त्याला कडकपणा येतो तो कॅल्शियम कार्बोनेटमुळे. अंग वाढते, कवच वाढत नाही, म्हणून ठरावीक काळाने ते टाकावे लागते. त्याआधी जुन्या कवचाच्या आत नवे, मऊ कवच तयार होते आणि जुन्यातले थोडे कॅल्शियम कोळंबी परत शोषून घेते. मग ती शरीरात पाणी ओढून घेते, अंग फुगते, सांध्यावर जुने कवच फाटते आणि एका झटक्यात ती बाहेर उसळते. पाहणाऱ्याला हे क्षणभराचे काम वाटते, पण खरी कसोटी पुढेच असते. मऊ कवच लवकरात लवकर कडक व्हायला हवे आणि त्यासाठी लागणारे कॅल्शियम बरेचसे पाण्यातूनच घ्यावे लागते. पाण्यात ते पुरेसे नसेल तर कोळंबी ते आणणार कुठून?

पाण्यात किती कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहे, हे सांगणाऱ्या मापाला मासे पाळणारे ‘जीएच’ म्हणतात. साबणाचा फेस होऊ न देणारे जड पाणी म्हणजे जीएच जास्त असलेले पाणी. एक अंश जीएच म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका जडपणा. चेरी श्रिम्पला, म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी या जातीला, ६ ते ८ अंश जीएच चांगला मानवतो. माझ्या टाकीत तो २ होता, आणि पीएच सात असल्याने हे मला कळायला काही मार्गच नव्हता. शुद्ध पाण्याचा पीएच सात असतो आणि खनिजांनी भरलेल्या पाण्याचाही सात असू शकतो.

‘केएच’ हे दुसरे माप. माझ्या मते टाकीतल्या पाण्याचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हाच. पाण्यात बायकार्बोनेट आणि कार्बोनेट किती आहे, ते केएच सांगतो. टाकीत आम्ल सतत तयार होत असते. उरलेले खाणे कुजते, आणि माशांच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणूही त्या कामात आम्ल सोडतात. बायकार्बोनेट या आम्लाला वाटेतच गाठते आणि निष्प्रभ करते. ते शिल्लक आहे तोवर पीएच फारसा हलत नाही. पण प्रत्येक वेळी त्यातले थोडे खर्च होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतके बायकार्बोनेट संपते. पाणी क्वचितच बदलले जाणाऱ्या, माशांची दाटी असलेल्या टाकीत केएच असा हळूहळू शून्याकडे जातो, आणि तो तिथे पोचेपर्यंत पीएच आपल्याला काहीही सांगत नाही. मग एके दिवशी पीएच सहाच्याही खाली कोसळतो.

यात एक सापळा आहे, आणि त्याने कितीतरी चांगल्या टाक्या रिकाम्या केल्या आहेत. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. मोकळा अमोनिया विषारी आणि अमोनियम त्यामानाने निरुपद्रवी. त्यांचे प्रमाण पीएच ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.६ टक्के विषारी रूपात असतो, पीएच ८ झाला की तोच वाटा ५ टक्क्यांवर जातो. आता त्या जुन्या टाकीकडे पाहा. पीएच साडेपाच-सहा, इतक्या आम्लात नायट्रेट करणारे जिवाणू मंदावलेले, म्हणून अमोनिया साठलेला, पण अमोनियमच्या रूपात. मासे तगून आहेत. मालकाला वाटते, पाणी फार दिवसांत बदलले नाही, आज अर्धे बदलू. नळाच्या पाण्याचा पीएच आठ. काही मिनिटांत साठलेल्या अमोनियमचा काही भाग विषारी होतो आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. स्वच्छ पाण्याने मासे मेले, असे मग लोक म्हणतात. अशा टाकीत आधी अमोनिया तपासावा आणि पाणी थोडे थोडे, दिवसांच्या अंतराने बदलावे.

पीएच, ज्याला शेतकी पुस्तकांत सामू म्हणतात, हा शब्द १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन सोरेनसन यांनी दिला. ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करत. हे माप पायऱ्यांचे आहे आणि प्रत्येक पायरी दहापटीची. सहाचे पाणी सातच्या पाण्यापेक्षा दहापट आम्लधर्मी. हे वाचल्यावर पीएच जरा हलला की घाबरणारे बरेच जण मला भेटतात. त्यांना मी दाट वनस्पतींच्या टाकीत पहाटे आणि संध्याकाळी पीएच मोजायला सांगतो. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि पीएच चढतो, रात्री सगळेच तो वायू सोडतात आणि पीएच उतरतो. अर्ध्या अंकाचा फरक तर सहज पडतो, आणि मासे, कोळंबी त्यात वर्षानुवर्षे सुखाने राहतात. कारण वायू येतो-जातो, क्षार तेवढेच राहतात. जीवघेणा ठरतो तो बहुधा क्षारांचा अचानक बदल.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असते. त्यामुळे पाणी कल्ल्यांतून सारखे आत शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा रात्रंदिवस पातळ लघवी करून पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार पुन्हा आत ओढतो. कोळंबीचेही तसेच. हे यंत्र एका ठरावीक पाण्याला जुळवलेले असते आणि नव्या पाण्याला जुळवून घ्यायला त्याला वेळ लागतो. टाकीतले अर्धे पाणी एकदम काढून तिथे फार कमी क्षारांचे पाणी ओतले, तर कोळंबीच्या शरीरात पाणी जोराने शिरते आणि नवे कवच तयार नसतानाही कात टाकण्याची वेळ येते. मोठ्या पाणीबदलानंतर दुसऱ्या दिवशी तळाशी काती आणि मेलेल्या कोळंब्या दिसतात, त्याचे हे एक कारण. म्हणून कोळंबीच्या टाकीत मी आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त पाणी बदलत नाही.

एकूण क्षार मोजायला टीडीएस मीटर हाताशी असावा. मात्र तो प्रत्यक्षात पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून अंदाज देतो. २०० हा आकडा कॅल्शियममुळे आला की नुसत्या मिठामुळे, हे त्याला कळत नाही. बदल पकडायला तो उत्तम, पण जीएच-केएचची थेंबांची चाचणी त्याने टळत नाही. ती अगदी सोपी असते. ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा आणि रंग पालटेपर्यंत मोजायचे. बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश.

नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याचा पीएच मोजण्याआधी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे. जमिनीखालच्या पाण्यात बऱ्याचदा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. तो उडून गेल्यावर जो आकडा येतो, तो टाकीतल्या आकड्याच्या जवळचा.

आता कुणाला कसे पाणी? गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणी आवडते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या सिक्लिड माशांना तर पीएच ८.६ ते ९ ची सवय असते. उलट दक्षिण अमेरिकेतल्या रिओ निग्रो नदीतल्या कार्डिनल टेट्रा माशाचे पाणी चहासारख्या रंगाचे, जवळजवळ क्षारहीन आणि चांगलेच आम्लधर्मी. कोळंबीतही एवढीच तफावत आहे. क्रिस्टल रेडसारख्या बी श्रिम्पना पीएच ५.८ ते ६.५, जीएच ४ ते ६ आणि केएच शून्य ते एक हवा. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या तळ्यांतल्या कोळंब्यांना पीएच आठच्या आसपास आणि पाणी २७ अंशांहून गरम. जपानी छायाचित्रकार आणि मत्स्यालय-रचनाकार ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाणारी म्हणून लोकप्रिय केलेली अमानो श्रिम्प मोठेपणी गोड्या पाण्यात राहते, पण तिची पिल्ले वाढायला खारे पाणी लागते. घरच्या टाकीत ती अंडी धरते, पण पिल्ले जगत नाहीत, ती यामुळे. बी श्रिम्प आणि गप्पी एकाच टाकीत ठेवणाऱ्याला कुठले तरी एक पाणी निवडावे लागते, आणि त्यात कुणीतरी एक रोज झिजतो. माझा सल्ला असा, की आधी आपले पाणी मोजा आणि त्यात सुखाने राहील तोच प्राणी आणा. टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले मासे बरेच सोशिक असतात, कोळंबीच्या बाबतीत मात्र ती आशा धरू नये.

पाण्याचे गुणच बदलायचे ठरले, तर जडपणा वाढवणे सोपे. केएच वाढवायला खाण्याचा सोडा, १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे एक अंश. ४० लिटरच्या टाकीत केएच १ वरून ४ वर न्यायचा तर ३.६ ग्रॅम लागेल. तो वेगळ्या भांड्यात विरघळवून तीन दिवसांत विभागून घालावा. जीएचसाठी सोड्याचा उपयोग नाही, त्यात कॅल्शियम नसते. तिथे जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट). १०० लिटरला जिप्सम ३.१ ग्रॅम किंवा एप्सम ४.४ ग्रॅम म्हणजे एक अंश. आरओच्या, म्हणजे यंत्राने क्षार काढून टाकलेल्या, १० लिटर पाण्यात १.२ ग्रॅम जिप्सम आणि ०.९ ग्रॅम एप्सम घातले, की जीएच सुमारे ६ होतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण वजनाने साधारण तीनास एक राहते. जिप्सम विरघळायला आळशी, बाटली बराच वेळ हलवावी लागते. कोळंबीसाठी तयार क्षारमिश्रणे मिळतात, त्यांत मूळ घटक बहुतेक हेच असतात. गाळणीत प्रवाळाचा चुरा ठेवला तर दोन्ही आकडे संथपणे वाढतात आणि पाणी आम्लाकडे झुकले की तो जास्त विरघळतो. विसरभोळ्या माणसासाठी हा सगळ्यात चांगला उपाय.

जडपणा कमी करायला पाण्यात मिसळण्याजोगी जादूची पावडर नाही. पीएच उतरवणारे आम्लाचे थेंब घातले, की बायकार्बोनेट थोडे खर्च होते, पीएच उतरतो, आणि पाण्यात केएच भरपूर असेल तर तो पुन्हा चढतो. माणूस पुन्हा थेंब घालतो. मासे या झोक्यावर हेलकावत राहतात आणि शेवटी केएच संपला की पीएच धाडकन आपटतो. खरा उपाय म्हणजे आरओचे किंवा पावसाचे स्वच्छ पाणी मिसळणे. १६ अंशांच्या पाण्यात तेवढेच आरओ पाणी घातले, की ८ अंश, केएचही निम्मा. बी श्रिम्पसाठी टाकीच्या तळाशी घालायची खास माती मिळते, ती बायकार्बोनेट काढून घेते आणि पीएच खाली धरून ठेवते. पण तिची ताकद मोजकी असते. जड पाणी ओतत राहिले तर ती लवकर थकते, म्हणून तिच्यावर आरओ पाणीच वापरावे. लाकडाचे ओंडके आणि देशी बदामाची वाळलेली पाने पाण्याला तांबूस रंग आणि किंचित आम्लता देतात. कोळंब्यांना पानांवरची बुरशी-जिवाणूंची साय फार आवडते. घरात वापरतात तो क्षार-अदलाबदलीचा सॉफ्टनर मात्र टाकीसाठी नको, तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन पाणी उघडे ठेवले की उडतो, क्लोरॅमाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र उडत नाही, त्यासाठी क्लोरीननाशक लागतेच. तांब्याबाबत तर अतिशय जपावे. माशांच्या अनेक औषधांत तांबे असते आणि माशाला बरी करणारी मात्रा कोळंबीला मारते.

बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरताना आरओ पाणीच वापरा, कारण उडते ते पाणी, क्षार मागेच राहतात. क्षारांचे पाणी पुन्हा पुन्हा भरत गेले, तर सहा महिन्यांत टाकीतला टीडीएस नळापेक्षा कितीतरी वर गेलेला आढळतो.

नवी कोळंबी आणली, की हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतले पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तिच्या भांड्यात सोडावे, तासभर तरी. दूरवरून बंद पिशवीत आलेल्या माशांना मात्र इतका वेळ देऊ नये. पिशवीत अमोनिया साठलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो निरुपद्रवी राहतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विष बनतो. अशा माशांना तापमान जुळले, की पिशवीतले पाणी मागे ठेवून जाळीने टाकीत सोडावे.

काही आठवड्यांनी एखाद्या सकाळी तळाशी एक पारदर्शक, पोकळ कोळंबी पडलेली दिसेल, मिशांपासून शेपटीपर्यंत सगळी. मेली असे समजून ती काढू नका. ती कात आहे, अखंड निघालेली. जिची आहे ती एक-दोन दिवस शेवाळाच्या आडोशाला लपून बसेल, आणि मग बाहेर येऊन इतर कोळंब्यांबरोबर तीच कात कुरतडताना दिसेल.