तेल, पाणी आणि सिंहाचं दूध

बर्लिनच्या क्रॉयत्सबर्ग भागात, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, एक तुर्की खाणावळ आहे. दारातून आत गेलं की समोरच कोळशाची लांबलचक शेगडी, तिच्यावर तांब्याचं भलंमोठं धुराडं आणि शेगडीच्या कडेनेच बसायला जागा. अशा ठिकाणाला तुर्कीत 'ओजाकबाशी' म्हणतात, म्हणजे चुलीपाशी. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. कामगार आले, मागून त्यांची बायकामुलं आली आणि त्यांच्याबरोबर या चुलीही आल्या. शेगडीमागे उभ्या असलेल्या माणसाला सगळे 'उस्ता' म्हणतात. आपल्या तालमीतला वस्ताद तो हाच. फारसीतला एकच शब्द दोन दिशांना गेला.

मध्यंतरी कोल्हापूरचा मामेभाऊ आला होता, त्याला तिथे घेऊन गेलो. त्याने राकी मागवली. उभट, अरुंद पेल्यात पाण्यासारखं नितळ मद्य आलं, शेजारी पाण्याची सुरई. त्याने पाणी ओतलं आणि पेला बघता बघता पांढराफटक झाला.

"यात दूध घातलंय की काय रे?"

तुर्क लोक राकीला 'सिंहाचं दूध' म्हणतातच, पण त्यात दुधाचा थेंब नसतो. द्राक्षांपासून गाळलेल्या मद्यात अनिस नावाचं, बडीशेपेच्या कुळातलं बी घालून ते पुन्हा गाळतात. त्या बियांतलं सुगंधी तेल म्हणजे मुख्यतः ॲनेथोल. आपल्या बडीशेपेचा गोडसर वासही बराचसा याच रेणूचा. ॲनेथोल अल्कोहोलमध्ये मजेत विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. राकीत साधारण ४५ टक्के अल्कोहोल असतं, तोवर तेल गुपचूप बसून राहतं. वरून पाणी घातलं की अल्कोहोलचं प्रमाण घसरतं, तेलाचा आधार सुटतो आणि ते अगणित बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. एकेक थेंब जेमतेम मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. एवढे थेंब सगळ्या रंगांचा प्रकाश इकडेतिकडे उधळतात, म्हणून पेला पांढरा दिसतो. दूध पांढरं दिसतं तेही असंच, स्निग्धांशाच्या आणि प्रथिनांच्या कणांमुळे.

यातली खरी गंमत मला वेगळीच वाटते. तेल आणि पाणी एकजीव करायचं तर एरवी घुसळून घुसळून हात दुखतात, शिवाय दोघांना धरून ठेवणारा तिसरा पदार्थ लागतो. अंड्याचं मेयॉनीज करून पाहिलेल्यांना विचारा. इथे नुसतं पाणी ओतलं, ढवळलंही नाही, तरी दुधी मिश्रण तयार झालं आणि ते बराच काळ टिकतं. विताले आणि कॅट्झ या संशोधकांनी २००३ मध्ये या प्रकाराला 'ऊझो परिणाम' असं नाव दिलं. ऊझो म्हणजे राकीची ग्रीक बहीण. हे नाव या खाणावळीत मोठ्याने उच्चारू नये, एवढंच सांगतो.

मामेभाऊ थेट राकीत बर्फ टाकायला निघाला, तेव्हा वाढणाऱ्याने त्याचा हात धरला. आधी राकी, मग पाणी, शेवटी बर्फ, हा क्रम मोडायचा नाही. शुद्ध ॲनेथोल २१ अंशांच्या आसपासच गोठतं. नुसत्या राकीत बर्फ पडला तर त्याचे स्फटिक धरतात आणि पेल्यात पापुद्रे तरंगू लागतात.

तोवर उस्ताने अदाना कबाब वळायला घेतला होता. अदाना हे दक्षिण तुर्कस्तानातलं शहर, आणि तिथल्या पद्धतीत कांदा, लसूण, अंडं, बेसन काही नाही. मेंढ्याचं मांस, मेंढ्याच्या शेपटीची चरबी, लाल मिरची, मीठ. मग हा खिमा सळईवरून गळून का पडत नाही? वाकड्या पात्याच्या, दोन्ही हातांनी डोलवत चालवायच्या 'झर्ह' नावाच्या सुऱ्याने मांस बारीक चिरतात. मीठ घालून मळलं की स्नायूंतलं मायोसिन हे प्रथिन सुटून वर येतं आणि खिमा बोटांना चिकटू लागतो. कणीक मळताना ती चिवट होत जाते, तसाच अनुभव, फक्त प्रथिन वेगळं. मायोसिनची ही चिकट जाळी चरबीच्या प्रत्येक कणाभोवती बसते. शेगडीवर खिमा ५०-५५ अंशांपर्यंत तापला की जाळी घट्ट होते आणि चरबी आत अडकते. म्हणून तर उस्ता खिमा अगदी गार ठेवतो. यंत्रातून काढताना मांस गरम झालं तर चरबी आधीच लिबलिबीत होऊन पसरते, जाळीला धरायला कण उरत नाहीत, आणि निखाऱ्यावर सगळा ऐवज वाहून जातो. मी घरी मिक्सरमधून काढलेल्या खिम्याचे कबाब केले होते. अर्धे सळईवर राहिले, अर्धे कोळशात गेले.

सळईही गोल नाही, पट्टीसारखी चपटी आणि रुंद. गोल सळई फिरवली तर मांस जागीच राहतं आणि सळईच आत फिरते.

थोडी चरबी तरीही गळते, आणि ती गळायलाच हवी. चांगल्या पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारसा नसतो, लाकडातले वासाचे पदार्थ कोळसा पाडतानाच उडून गेलेले असतात. ज्याला आपण कोळशाची चव म्हणतो ती निखाऱ्यावर पडून जळलेल्या चरबीच्या धुराची. वरचा तांबूस खरपूसपणा ही निराळी गोष्ट. तिथे १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखरा एकमेकांशी जुळून शेकडो नवे सुवास तयार होतात. या क्रियेला १९१२ मध्ये तिचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांचं नाव आहे. पण चरबी फार गळली की जाळ उठतो आणि मांसावर काजळी बसते. यावर उस्ताचा उपाय साधा आहे. तो लवाशची, म्हणजे पातळ रोटीची, घडी घेऊन कबाब तिच्यात अधूनमधून दाबतो. चरबी रोटीत मुरते, जाळ बसतो, आणि तीच रोटी मग आपल्या ताटात येते. मला विचाराल तर कबाबापेक्षा ती रोटी चांगली.

"तिखट आहे हं," वाढणाऱ्याने बजावलं. कोल्हापूरकर हसला. तिसऱ्या घासाला मात्र त्याने हिरव्या भाजक्या मिरचीचा लचका तोडला आणि पाण्याचा पेला घटाघटा रिकामा केला. उपयोग शून्य. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच संवेदकाला जाऊन बिलगतं, जो एरवी ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो. मेंदूला वाटतं तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा संवेदक शोधला आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. कॅप्सेसिनही तेलाच्याच जातीचं, पाण्याला दाद देत नाही. पाणी ते फक्त तोंडभर फिरवतं. त्याला धरून नेतं ते दुधातलं केसिन हे प्रथिन, म्हणून कबाबाशेजारी आयरान ठेवतात. दही, पाणी, मीठ, वर फेस. आपलं ताकच, फक्त लोणी न काढलेलं. कोलंबसाच्या आधी मिरची ना अदानात होती ना कोल्हापुरात, पण तिच्यावरचा उतारा दोन्हीकडे तयार होता.

सोबत 'शालगाम' नावाचं गडद जांभळं, खारट-आंबट पेयही आलं. नाव सलगमचं, रंग मात्र आंबवलेल्या काळ्या गाजराचा. भावाने एक घोट घेऊन ते माझ्याकडे सरकवलं.

चहा झाला, बिल आलं. उठता उठता वाढणाऱ्याने आमच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन्या ओतलं, पाहुण्यांच्या हातावर ते घालायची तुर्की रीतच आहे. त्यात बहुतेक ८० टक्के अल्कोहोल असतं आणि विरघळलेलं सुगंधी तेल. दिसायला नितळ. मला राहवलं नाही. टेबलावरच्या पेल्यात तळाशी थोडं पाणी उरलं होतं, त्यात ओंजळ रिकामी केली. पाणी धुरकट पांढरं झालं. भाऊ वाकून बघत होता, आणि वाढणारा आम्हा दोघांकडे.