उठावकाम, धातुपत्र्याचे

नर व मादी अशा जुळणाऱ्या दोन ठशांमध्ये पत्रा दाबून त्यावर नक्षी, अक्षरे किंवा पन्हळ्या उठवण्याची प्रक्रिया. एका अंगाला जो उंचवटा, तोच दुसऱ्या अंगाला खळगा, ही तिची खूण. नाणी पाडणे याहून निराळे. तेथे धातू बंदिस्त ठशांत चेपला जातो, जाडी जागोजागी बदलते व दोन्ही बाजूंना स्वतंत्र चित्रे घेता येतात.

उठावकामात जाडी बदलत नाही, असे अनेक पाठ्यपुस्तकांत म्हटलेले असते. हे विधान आदर्श स्थितीपुरते खरे आहे. भोवतालचा पत्रा ठशात फारसा सरकत नाही. उंचवट्याला लागणारा धातू तेथल्या तेथे ताणूनच मिळतो आणि त्या भागात, विशेषतः कडांशी, पत्रा पातळ होतो. म्हणून ‘जाडी जवळपास कायम राहते’ एवढेच म्हणणे योग्य. उठाव किती उंच घेता येईल हे धातूची तन्यता (न तुटता ताणले जाण्याचा गुण) आणि ठशाच्या कोपऱ्यांची गोलाई यांवर अवलंबून असते. कोपरा धारदार ठेवल्यास पत्रा तेथे फाटतो. ठोक्यांनी कडक झालेले तांबे-पितळ तापवून पुन्हा मऊ करावे लागते.

उठाव केवळ शोभेसाठी नसतो. पन्हळी दाबली की वजन न वाढवता पत्र्याला ताठपणा येतो. सलग पत्र्यासाठी कोरीव रुळांची (फिरत्या दंडगोलांची) जोडी वापरतात. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीवरील अक्षरे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अशीच उठवलेली असतात.

हातकामात पत्रा राळेच्या थरावर बसवून मागून ठोकतात व पुढून रेषा स्पष्ट करतात. पुण्याच्या तांबटांचे मठारकाम याच सदरात घालण्याची चूक होते. त्यात हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याचा पृष्ठभाग घट्ट व चकचकीत होतो, आकृती उठत नाही.

हातकामाच्या प्राचीन नमुन्यांत अफगाणिस्तानातील बीमरानच्या सुवर्ण-करंडकाचा (अवशेष ठेवण्याच्या सोन्याच्या डबीचा) काळ विशेष वादाचा आहे. संशोधक-प्रवासी चार्ल्स मॅसन यांना तो १८३३–३८ या काळात जलालाबादजवळील स्तूपात मिळाला. आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कमानींखालच्या आठ आकृतींत बुद्ध दोनदा येतो, त्यामुळे बुद्धमूर्तीच्या आरंभाचा प्रश्न या करंडकाशी जोडला गेला. सोबत अझेस या शक राजाच्या नावाची नाणी निघाल्याने काहींनी तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस नेला. शैली पाहून काहींनी तो इ. स. दुसऱ्या शतकापर्यंत खाली आणला. मात्र ही नाणी अझेसनंतरच्या स्थानिक सत्ताधीशाने जुन्या नावाने पाडलेली असावीत, असे पुढील नाणेअभ्यासात दिसून आले. ते धरता इ. स. पहिले शतक अधिक संभवनीय वाटते. तथापि नाण्यांवरून करंडक पुरल्याचा काळ ठरतो, घडवल्याचा नव्हे.

आधुनिक काळातील भव्य उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा (१८८६); त्याचे सुमारे २.४ मिमी. जाडीचे तांब्याचे पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून घडवले आहेत.

महाराष्ट्रात देवघरातला टाक हे याच तंत्राचे घरगुती रूप. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून खंडोबा, भवानी किंवा वीराची आकृती उठवतात. पाठीला पुष्कळदा तांब्याचा पत्रा लावतात. वर्षानुवर्षांच्या पूजेत आणि घासण्यात आधी झिजतो तो उठावच. असा टाक सोनाराकडे नेऊन नवा घडवून घेण्याची रीत आहे.